पहाडी सायकलीचे लक्षण

“आमचे धाकटे काका समुद्रकिनाऱ्यावर फिरवायच्या सायकलीला हट्टाने पहाडी सायकल म्हणत. ते सिद्ध करण्यासाठी ते तिच्यावर बसून दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरले आणि गंगेत पडले. शाल अर्थातच रामघाटावर आमच्या वडिलांना मिळाली आणि सगळा समाज पोट धरून हसला.”

काशीतल्या महाराष्ट्रीय मंडळींच्या यंदाच्या स्मरणिकेत माझ्या चुलतभावाच्या चिरंजीवांनी हे छापून आणले आहे. प्रसंग घडला तेव्हा चिरंजीव पुण्यात शिकत होते. म्हणजे ज्याने पाहिले नाही त्याने लिहिले, आणि ज्याच्यावर गुदरले त्याला विचारले नाही. उताऱ्यातली शेवटची गोष्ट, समाज हसला ही, खरी आहे. बाकीचे एकेक विधान मी खोडून काढणार आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गल्ल्यांतून नुकतेच एसटीडीचे बूथ उघडू लागले होते. एक परदेशी विद्यार्थी तर्कशास्त्र शिकायला काशीत येऊन राहिला होता. सकाळी तो दुर्गाघाटावर माझ्याकडे येई आणि दुपारी रामघाटावर माझ्या चुलतभावाकडे जाई. चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणत असे आणि त्यांचे मत कधीही मान्य करत नसे. विद्यार्थी बुद्धीने तल्लख, वृत्तीने नम्र. व्यसन एकच, जुन्या सायकली. कंटोन्मेंटातल्या एखाद्या बंगल्याच्या अडगळीतून, दिल्लीहून परत जाणाऱ्या गोऱ्या कुटुंबाकडून, सायकलीवर देशोदेश हिंडून काशीत थकलेल्या एखाद्या प्रवाशाकडून अशा त्याने तीन सायकली मिळवल्या होत्या. ज्या शहरात माणसाला बैलाच्या परवानगीवाचून गल्ली ओलांडता येत नाही, तिथे हा मुलगा सायकल खांद्यावर घेऊन फिरे.

मायदेशी परतण्याच्या आदल्या दिवशी त्याने तिन्ही सायकली वाटून टाकल्या. एक माझ्याकडे, एक दादांकडे, एक पाठशाळेत. प्रत्येक ठिकाणी नमस्कार करून एवढेच म्हणाला, “ही आपल्याकडे असू द्या.”

काही महिन्यांनी आमच्या मंडळाच्या चिटणिसांच्या नावे त्या विद्यार्थ्याचे एक पार्सल आले. चिटणीस बँकेत अधिकारी होते, नागपूरकडचे, बदलीवर आलेले. शास्त्रातले त्यांना काही कळत नसे आणि ते तसे सांगतही, हा त्यांचा गुण. पार्सलात एक उत्तम लोकरी शाल होती आणि त्याने मराठीत लिहिलेले पत्र होते: “वसंतपूजेच्या दिवशी, सभेत मंत्रघोष चालू असताना, ही शाल माझ्या मुख्य गुरूंना पांघरावी. गुरूंचे नाव उच्चारू वा लिहू नये असे मला शिकवलेले असल्याने ते लिहीत नाही. माझी पहाडी सायकल ज्यांच्या घरी आहे तेच माझे मुख्य गुरू.”

चिटणिसांनी आम्हा दोघांना बोलावून पत्र वाचून दाखवले. “आता बघा,” ते म्हणाले, “पहाडी सायकल कोणाकडे आहे?”

“माझ्याकडे,” दादा म्हणाले.

“माझ्याकडे,” मी म्हणालो.

चिटणीस साधे गृहस्थ. म्हणाले, “मग एक कार्ड टाकून त्यालाच विचारू या की.”

आयुष्यात पहिल्यांदाच आम्हा दोघांचे एकमत झाले. ज्याला आपण शिकवले त्याला ‘बाबा रे, तुझा खरा गुरू कोण, मी की हे?’ असे पत्राने विचारायचे? त्यापेक्षा ती शाल गंगेत सोडलेली बरी. विचारायचे नाही, हे ठरले. आता शाल कोणाच्या खांद्यावर पडणार, आणि त्या मुलाला घडवले कोणी, हे तीन सायकलींच्या वर्गीकरणावर अवलंबून राहिले.

पुढच्या रविवारी पाठशाळेच्या अंगणात तिन्ही सायकली भिंतीला टेकवून उभ्या केल्या. माझी लांब, भारदस्त. टायर गुबगुबीत, हँडल बैलाच्या शिंगांसारखे रुंद आणि मागे वळलेले, दांडीखाली पेट्रोलच्या टाकीसारखी पत्र्याची टाकी, गिअर एकही नाही, आणि पॅडल उलटे मारले की मागच्या चाकाला लागणारा ब्रेक. दादांची हडकुळी, हँडल सरळ काठीसारखे, टायरांवर जाड खरबरीत गोट्या, हँडलावर अंगठ्याने सरकवायच्या दोन कळा आणि मागे दातेरी चकत्यांची उतरंड. मडगार्ड नव्हते. तिसरी, पाठशाळेची, ठेंगणी. चाके लहान, दांड्यांवर स्पंजच्या उशा, चाकांच्या आसांतून बाहेर आलेले लोखंडी खुंट. तिला बीएमएक्स म्हणतात आणि तिच्यावरून उड्या मारतात, असे विद्यार्थ्यानेच कधी तरी सांगितले होते. पाठशाळेचे आचारी तिच्या खुंटांवर दुधाच्या बरण्या अडकवत.

दादांनी आरंभ केला. “गोट्यांचे टायर असणे, हे पहाडी सायकलीचे लक्षण.”

मी उभादेखील राहिलो नाही. बसल्या जागेवरून ठेंगण्या सायकलीकडे बोट दाखवले. तिचेही टायर गोट्यांचेच. शिंगे असणे हे गायीचे लक्षण म्हटले की म्हैसही गाय ठरते. ही अतिव्याप्ती आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात. दादांनी पाठशाळेची सायकल पहिल्यांदाच नीट पाहिली असावी.

आचारी चुलीपासून ओरडले, “मग ती पण पहाडी धरा ना! पुरणपोळी लाटायला त्याला मीच शिकवलं. शाल मला चालेल.”

“तुम्ही आमटीकडे बघा,” दादा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “बरं. गिअर असणे, हे लक्षण. ठेंगणीला गिअर नाहीत. चढाला गिअर लागतात. आता बोल.”

“चढ कोण चढतंय, दादा? घरापासून इथवर आपण ही खांद्यावरून आणलीत. खांद्यावरून तर तिन्ही चढतात.”

“अरे, तुझीला टाकी आहे! पहाडावर काय पेट्रोल भरायला जातोस?”

“टाकी पोकळ आहे. वाजवून पाहा.”

“पोकळ असून मोठं दिसायचं, हे तुझ्या घरात नवं नाही.”

मंडळी हसली. त्या हसण्याच्या गडबडीत माझा मुख्य मुद्दा कोणी ऐकला नाही, म्हणून तो इथे लिहितो. विद्यार्थ्याने मला एकदा सांगितले होते की त्यांच्या देशात पहाडी सायकल जन्मली तीच मुळी माझ्यासारख्या सायकलीतून. काही तरुणांनी जुन्या, जड, गुबगुबीत टायरांच्या सायकली डोंगरावर नेल्या आणि तिथून उतारावर सोडल्या. उलट्या पॅडलचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. या सायकली पुरेशा मोडल्यावर मग त्यांना गिअर लावले, दुसरे ब्रेक लावले, आणि हळूहळू दादांच्या घरातली हडकुळी वस्तू तयार झाली. आता बाप पहाडी की मुलगा? ज्या सायकलीने आधी पहाड उतरला तीच पहाडी. नंतरच्या सगळ्या तिच्या नावाने ओळखल्या जातात. चिरंजीवांनी ‘समुद्रकिनाऱ्यावर फिरवायची’ म्हटले आहे. दशाश्वमेधाच्या एका लॉजवरचा कोणी गोरा पर्यटक दादांनी साक्षीला आणला होता, त्याचे हे मत. समुद्रकिनाऱ्यावर ती फिरत असेलही. दादाही सकाळी दंतमंजन घेऊन घाटावर फिरत. म्हणून त्यांना कोणी नावाडी म्हटले नाही.

सभेचा निर्णय होईना. दादा म्हणाले, “एवढा उतरण्यावर भर आहे ना तुझा? उतर मग. घाट आहे समोर.”

आता चिरंजीवांच्या तिसऱ्या विधानाकडे वळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या आटोपून मी सायकल दुर्गाघाटाच्या वरच्या पायरीवर नेली. घाटावर बरीच मंडळी होती, हे मान्य. मी धोतराचा काचा घट्ट मारला, सीटवर बसलो आणि निघालो. पहिल्या चार पायऱ्या मी व सायकल एकत्र उतरलो. पाचव्या पायरीवर पॅडल उलटे मारले तेव्हा ध्यानात आले की धोतराचे टोक चेनमध्ये गेले आहे. माणूस जेव्हा धोतर आणि सिद्धांत यांत निवड करतो तेव्हा दोन्ही वाचवण्याचा मार्ग एकच असतो: सायकल सोडणे. मी बाजूच्या चौथऱ्यावर बसलो. पडलो नाही, बसलो. जोरात बसलो, एवढे मान्य करतो. धोतराचा सुमारे हातभर भाग सायकलीबरोबर पुढे गेला.

आणि पुढे काय झाले ते सगळ्या घाटाने पाहिले. सायकल एकटी उतरली. तोल न सोडता, हँडल न वळवता, एकेक पायरी धप् धप् करत, एका संन्याशाच्या कमंडलूला वळसा घालून ती थेट पाण्यापर्यंत गेली आणि टाकीपर्यंत आत शिरली. माणूस नसताना जी उतार उतरते तिचा उतरणे हा स्वभाव आहे. स्वाराचे कौशल्य तिथे सांगता येत नाही. याहून शुद्ध प्रयोग मी योजूनही करू शकलो नसतो. गंगेत गेली ती सायकल. मी कोरडा होतो.

एका मल्लाहाने, घाटावरच्या नावाड्याने, ती ओढून काढली. धापा टाकत मला म्हणाला, “गुरु, ई साइकिल हौ कि भैंस?”

“पहाडी हौ,” मी म्हणालो.

“त पहाड़े पर रखतऽ,” तो म्हणाला आणि ओले टायर माझ्या अंगावर टेकवून गेला.

वसंतपूजेच्या आदल्या संध्याकाळी चिटणीस निर्णय सांगायला आले. त्यांनी दादांची सायकल पुसून पाहिली होती आणि तिच्या दांडीवर एक चिकटचित्र सापडले होते. चित्रात तीन शिखरे, त्यांवर बर्फ. “डोंगर छापलाय हो शास्त्रीबुवा,” ते अजीजीने म्हणाले. “मी बँकेचा माणूस. कागदावर जे दिसतं त्यावर आम्ही सही करतो.”

मी त्यांना त्यांच्याच दिवाणखान्यातले कॅलेंडर आठवून पाहायला सांगितले. त्यावर वाघ होता. म्हणून त्यांची भिंत अरण्य ठरत नाही. त्यांना हे पटले; तसे ते म्हणालेही. पण शाल दुसऱ्या दिवशी दादांच्याच खांद्यावर पडली. दादांनी ती दोन्ही हातांनी सारखी केली आणि माझ्याकडे पाहिले नाही. न पाहणे ही त्यांची भलाई होती की विजय, हे मला तेव्हा ठरवता आले नाही. मंत्र म्हणताना माझा स्वर एकदा घसरला. तीस वर्षांत तो घसरला नव्हता. ते मात्र चिरंजीवांनी लिहिलेले नाही, कारण ते कोणाला कळले नाही.

तेव्हा ‘अर्थातच’ हा शब्द उरतो. शाल रामघाटावर गेली ती एका चिकटचित्रामुळे. त्यात अर्थातच काही नव्हते. पत्र पाहा. जो मुख्य गुरू त्याच्या घरी पहाडी सायकल, असे ते म्हणते. मग मुख्य गुरू कोण एवढे कळले की सायकलीचा वर्ग आपोआप कळतो. गोट्या, गिअर, टाकी कशाचीही गरज उरत नाही. धूर दिसला की अग्नी शोधायला चुलीत हात घालावा लागत नाही. आम्ही सगळ्यांनी आठवडाभर उलट्या टोकाने विचार केला, आणि त्यात मीही होतो, हा दोष मी मान्य करतो.

मुख्य गुरू कोण, याची साक्ष मला दीड वर्षाने मिळाली. विद्यार्थ्याला तिकडे एका ग्रंथातल्या एका ओळीचा अर्थ लागेना. व्याप्तीच्या प्रकरणातली ओळ, दोन्ही घरी शिकवलेली. पत्रे लिहून भागेना म्हणून तो स्वतः आला. कोणाला कळवले नव्हते. दशाश्वमेधावर उतरून, सामानासकट नाव करून तो सकाळी दुर्गाघाटाला लागला, माझ्या ओसरीवर बसला आणि पाणी पिण्याआधी त्याने ती ओळ विचारली.

दशाश्वमेधाहून नावेने येताना रामघाट आधी लागतो. तो तिथे उतरला नाही.