उभा हाय, मालक

आधी माफी मागतो. मी लिहिणाऱ्यांतला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मीसुद्धा कंपनीच्या सुट्ट्या जोडून, बाहेरून परीक्षा देत बी.ए.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत आलो आहे. आजवर फक्त प्रश्नपत्रिकेतली उत्तरं लिहिली. एखाद्या अंकात छापून यावं असं काही आपल्याकडे आहे, असं म्हणायचा मला संकोच वाटतो. पण माझ्या वडिलांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. आता ते दुरुस्त करायला वडील नाहीत. म्हणून इथं लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

रांजणगावला एमआयडीसीच्या रस्त्यावर लेबर कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस. एसी. काचेचं टेबल. टेबलापलीकडे आप्पा. अलीकडे दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. मी उभा. बस असं कुणी म्हटलं नाही, आणि न सांगता बसायची आमच्या घराला सवय नव्हती.

आप्पा आमच्याच गावचे, न्हावऱ्याचे. गाव त्यांना आप्पा म्हणतं. माझे वडील मालक म्हणायचे. वडिलांना मी दादा म्हणायचो. दादा त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पण आप्पा त्यांना 'ए भागा' म्हणूनच हाक मारत.

आप्पांनी माझा फॉर्म एका बोटाने स्वतःकडे फिरवला.

"भागाचा ना तू?"

"हो."

"लोकल पोरगं घेत नाही मी. माहितीय ना? लोकल घेतला की आज लग्न, उद्या दहावा, परवा युनियन."

हे मला दोन वर्षं सगळ्या गेटांवर ऐकून पाठ झालं होतं.

"घ्यायचं तर घरच्याची हमी लागते. बापाचा नंबर टाकलायस ना? लावतो."

नंबर मीच टाकला होता. फॉर्मवर शेवटी 'हमीदार' असा रकाना होता. तिथं बहुतेक जण सरपंचाचं, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचं नाव घालतात. माझ्या ओळखीचं कोण असणार? मी दादांचं नाव घातलं. आदल्या दिवशी त्यांना सांगूनही ठेवलं होतं की कदाचित फोन येईल. त्यांना खरं वाटेना.

"मालक फोन करत्याल? मला?"

"हो. फक्त म्हणा, पोरगं चांगलं आहे."

"चांगलं हाय, कष्टाळू हाय," असं ते पडल्या पडल्या दोनदा म्हणून बघत होते. आई हसत होती.

पडल्या पडल्या यासाठी म्हणतो, की दादा सहा महिने अंथरुणावर होते. आप्पांच्याच ट्रॉलीवर ऊस रचताना वरून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन करून आत पट्टी बसवली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पायावर भार द्यायचा नाही. त्यांना कूस बदलायलाही माणूस लागायचं. आई एकटी. तिने मजुरीला जाणं सोडलं. मी चाकणला, बारा तासांच्या शिफ्टमध्ये, एका खोलीत सात जण. महिन्यातून एकदा घरी. म्हणून मला घराजवळ काम हवं होतं. रांजणगावहून न्हावरे मोटारसायकलवर अर्धा तास. सकाळी दादांना धुऊनपुसून कामावर जाता आलं असतं. संध्याकाळी आईच्या हातातून त्यांचं ओझं घेता आलं असतं. एवढंच पाहिजे होतं.

आप्पांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. बाजूला दोन क्लार्क होते. त्यांनी टायपिंग थांबवलं.

"हॅलो?"

"भागा, मी बोलतोय."

पलीकडे एकदम गडबड झाली. काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला. मग दादांचा आवाज. धाप लागलेला.

"जी. जी मालक."

"तुझं पोरगं आलंय. काम मागतंय."

"व्हय मालक. तुमचंच हाय. चांगलं हाय. कष्टाळू हाय."

"कॉलेज शिकलंय म्हणं. उद्या माझ्याच कामगारांना कायदा शिकवंल. मग?"

"न्हाई मालक. गरीब हाय त्ये. मान खाली घालून काम करंल."

"आन् वर केली तर?"

"तर मला ईचारा."

आप्पांनी क्लार्ककडे बघून डोळा मारला.

"काय रे भागा, बसून बोलतोयस का काय माझ्याशी?"

पलीकडून नुसता श्वास.

"न्हाई मालक. उभा हाय."

एक क्लार्क फिस्सकन हसला. दुसऱ्याने तोंडावर हात धरला. आप्पा मागे रेलले.

"ऐकलं का? खुबा मोडून अंथरुणात हाय गडी, आन् माझ्यापुढं उभा. ह्याला म्हणायचं वळण. आत्ताच्या पोरांत हाय का हे?"

मला ते वळण माहीत होतं. आप्पांची जीप दिसली की दादा जेवता जेवता उठायचे. हात खरकटा, तोंडात घास, आणि उभे. जीप वळणाआड गेली की पुन्हा बसायचे. मी आठेक वर्षांचा असताना आप्पांच्या ओट्याच्या कडेला टेकलो होतो. दादांनी दंडाला धरून मला खाली उतरवलं. मारलं नाही. नुसतं म्हणाले, "आपून उभं ऱ्हायाचं." बावीस वर्षं आप्पांच्या शेतात राबले, पण त्या अंगणात बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

खरं सांगतो. त्या क्षणी मला आप्पांचा राग नंतर आला. आधी दादांची लाज वाटली. मला वाटलं, अंथरुणात पडून माणूस असं खोटं कशाला बोलतो? कोण बघतंय त्याला? माझ्या कामासाठी तो स्वतःला किती खाली घालणार आहे?

आणि मग वाटलं, हे मीच करायला लावलं. नंबर मी लिहिला.

मी पुढे वाकलो. "दादा, फोन ठेवा. पडून राहा." आणि आप्पांच्या फोनवरचं लाल बटण दाबलं. त्यांच्या फोनला हात लावायची कुणाची छाती नसते. माझीही नव्हती.

"माझा फॉर्म द्या."

"रागावलास व्हय रं? म्हाताऱ्याची गंमत केली. सोमवारपासून ये की कामावर. जनरल शिफ्ट देतो."

काम मिळालं होतं. हेही मला लिहिलं पाहिजे. काम मिळालं होतं, अर्ध्या तासावरचं, जनरल शिफ्टचं.

"नको. फॉर्म द्या."

"ह्या भागात दुसरं कुणी उभं करणार नाही तुला."

"फॉर्म द्या."

त्यांनी तो टेबलावरून ढकलला. खाली पडला. उचलायला वाकावं लागलं. वाकलो, उचलला, बाहेर आलो.

बाहेर आल्यावर शौर्य वगैरे काही वाटलं नाही. चहाच्या गाडीमागे जाऊन रडलो. सोमवारी आई एकटीच दादांना उचलणार होती, कारण मला एक वाक्य ऐकवलं नाही.

संध्याकाळी दादांचा फोन आला.

"झालं का रं काम?"

"नाही दादा. जागा भरली होती."

"मी नीट बोललो न्हवं? का काई चुकलं माझं?"

"नाही, तुम्ही नीट बोललात."

"मग मधीच फोन का ठिवाय लावलास?"

"नेटवर्क जात होतं."

"आसं व्हय," म्हणाले. पण पटलं नव्हतं. पुढचे सगळे दिवस ते आईला विचारत राहिले, की 'ईचारा' म्हणालो ते मालकांना उद्धट वाटलं असंल का. काम आपल्या बोलण्यामुळे गेलं, असंच धरून बसले. मी घरी दोनदा गेलो. दोन्ही वेळा ठरवून गेलो की सांगायचं. सांगितलं नाही. त्यांच्या मालकाला मी नाही म्हणालो, हे त्यांना झेपणार नाही असं वाटलं. आज वाटतं, झेपत मलाच नव्हतं.

काम शोधणं सुरूच होतं. साप्ताहिक सुट्टीला चाकणहून निघायचं आणि गेट धरून बसायचं. कुरकुंभच्या एका गेटवर बिहारचा सिक्युरिटीवाला होता. आधार कार्डावरचा पत्ता बघून त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, "भाई, तू यहीं का है, यही तेरी दिक्कत है।" वरवंडला खतांच्या दुकानात माणूस पाहिजे होता. मालकाने आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गावात कुठं घर?" हा प्रश्न आला की मला पुढचं कळतं. "कळवतो," म्हणाले. केडगावला एका शाळेत क्लार्कची जागा होती. तिथं तर चहाही दिला. मग तेच, घर कुठं, आणि कळवतो. त्यांच्याकडून काही आलं नाही. आपल्याच तालुक्यात, शेजारच्या तालुक्यात, मी एकतर फार इथला होतो, नाहीतर इथला धरला जात नव्हतो.

फोनवर आई म्हणायची, "बरं हाय." दादांचं दुखणं वाढलंय का विचारलं तरी, "बरं हाय, तू जेव." मग कळलं की त्यांना दौंडला दवाखान्यात नेलं होतं. आतली पट्टी हलली आहे, जंतू झाले आहेत. कशी हलली, विचारलं. आई म्हणाली, "आपसूक."

ते गेले तेव्हा मी लाइनवर होतो. कंपनीत मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर काढला, तर चुलतभावाचे अकरा मिस्ड कॉल. लावलाच नाही मी परत. कळलं.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दारात मांडव घातला होता. तसबिरीपुढे मेणबत्त्या. भंतेजींची वंदना झाली, लोक जेवायला बसायच्या बेतात होते, आणि आप्पांची गाडी आली. सगळा मांडव उठला. आमचे नातेवाईक, शेजारी, म्हातारीकोतारी, सगळे. कुणी सांगितलं नाही. आपोआप उठले.

आई उठली नाही.

मी तिच्याकडे बघितलं. आप्पा दिसले की पदर सावरून भिंतीला लागणारी बाई. ती सतरंजीवर मांडी घालून बसली होती आणि त्यांच्याकडे सरळ बघत होती. मीही तिच्याशेजारी बसून राहिलो. गुडघे आपोआप उठायला बघत होते. मी त्यांच्यावर हात दाबून धरले.

आप्पांना खुर्ची दिली. ते म्हणाले, "भागासारखा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "झालं गेलं सोड. येतोस का कामावर? आता हमीबी नको कुणाची."

"नाही. तुमच्याकडे नाही."

चुलते माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. आप्पा थोडा वेळ बसले, पाणीही घेतलं नाही, गेले.

सगळे पांगल्यावर मी आईला विचारलं, "तू उठली का नाहीस?"

ती मेणबत्तीचं सांडलेलं मेण नखाने खरवडत होती. खरवडतच बोलली.

"त्या दिशी फोन आला, तवा म्या म्हणलं, पडूनच बोला. त्यास्नी कुठं दिसतंय हितलं? तर म्हणले, पोराच्या कामाचं हाय, मालकांशी पडून कसं बोलू. माझ्या खांद्याला धरलं आन् उठले. तांब्या लवंडला, त्यो आवाज आला असंल तुला."

तिने नखातलं मेण काढलं.

"फोन व्हता तवर उभे व्हते. घामानं भिजले. तू म्हणलास न्हवं, पडून राहा? तवा हसले. म्हणले, त्येला वाटतंय मी पडल्यालाच हाय. मग खाली आले, माझ्यासकट."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगू दिलं न्हाई. म्हणले, आधी पोरगं कामाला लागू दे."

दादा खोटं बोलले नव्हते. खोटं त्या दिवशी मी एकटाच बोललो. ते इथं दुरुस्त करतो. दादा, जागा भरली नव्हती. तुमचं काही चुकलं नव्हतं. काम दिलं होतं त्यांनी, मीच नाही म्हणालो. तुम्ही दिलेली हमी मी पाळली नाही. मान वर केली.

आई घरात एकटी आहे. मला अजूनही घराजवळच काम पाहिजे, आणि मी ते इथंच शोधतो आहे. परवा पुन्हा रांजणगावला गेलो होतो, दुसऱ्या ऑफिसात. मूळ गावाच्या रकान्यात न्हावरे लिहिलं. हमीदाराच्या रकान्यात माझं स्वतःचं नाव लिहिलं. टेबलावरचा माणूस म्हणाला, असं चालत नाही, घरच्या कुणाचा तरी नंबर द्या. मी म्हणालो, हाच नंबर आहे, मला विचारा. त्याने फॉर्म परत केला. पुढच्या सुट्टीला दुसरा भरेन, त्यावरही हेच लिहीन.

आणि समोर खुर्ची रिकामी असली की आता मी न विचारता बसतो.