चाळीस दिवस जेवणाचे

जगातले सगळे पाळक माणसाच्या आत्म्याची काळजी करतात. आमच्या मंडळीचे पाळकबाबा मात्र आधी जीभ बघत. थट्टा नाही करत मी. सिरसाळ्याच्या अलीकडच्या त्या खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तरीण म्हणून मी पहिल्यांदा गेले, बैलगाडीतून उतरून सलाम केला, तर तो घ्यायच्या आधीच बाबा म्हणाले, "आ करा." मी नगरकडची, इंग्रजी अमलातली. मला वाटलं, निजामाच्या मुलखात पाहुण्याचं स्वागत असंच होत असेल, म्हणून मी मुकाट्यानं आ केला. बाबांनी वाकून माझी जीभ न्याहाळली, "पालेभाजी खात नाही तुम्ही," असं अगदी दुःखानं सांगितलं, आणि मगच कुठं प्रभूच्या नावानं माझं स्वागत झालं.

उंच, काटकुळे, अंगात पायघोळ पांढरा झगा. झग्याच्या उजव्या खिशात शुभवर्तमान आणि डाव्या खिशात मोड आलेली मटकी. ज्या घरी भेटीला जातील तिथं दोन्ही खिसे रिकामे करून येत. शरीर हे देवाचं देऊळ आहे, यावर बाकीचे पाळक वर्षातून एखादं प्रवचन देतात; आमचे बाबा दर रविवारी द्यायचे. "देवळाच्या दारात कुणी तंबाखू थुंकतं का? मग या देवळाच्या दारात का कोंबता?" असं विचारत ते पुढच्या रांगेतल्या एकेकाच्या तोंडाजवळ नाक नेत, त्यामुळं आमच्या देवळात पुढची रांग कायम रिकामी असे. एका रविवारी त्यांनी बायकांना मिसरीच्या डब्या वेदीवर आणून ठेवायला सांगितल्या. चांगल्या पंधरा डब्या जमल्या. बाबांना भरून आलं. तिथंच गुडघे टेकून त्यांनी भली लांबलचक आभारप्रार्थना केली, आणि डोळे उघडून बघतात तर वेदीवर चारच डब्या! बाकीच्या ज्यांच्या त्यांनी "आमेन"च्या आत गुपचूप परत नेल्या होत्या. मला वाटलं, आता बाबा भडकणार. कसले भडकतात! "चार तर सुटल्या," असं म्हणून ते खुशीत गीत गायला लागले.

असा हा माणूस. पण एका वर्षी त्यांनी जे आरंभलं त्यानं मीसुद्धा चक्रावले. सोजरबाईची सून कृपा तेव्हा तिसऱ्यांदा पोटुशी होती. सोजरबाई ही गावात बाप्तिस्मा घेणारी पहिली बाई. मंडळीत तिच्या शब्दाला पाळकांच्या खालोखाल मान, आणि कधीकधी काकणभर जास्तच. कृपाची आधीची दोन्ही लेकरं मुठीएवढी जन्मली आणि आठवडाभरात गेली. आता तिच्याकडं बघवत नसे; पोट तेवढं पुढं आणि बाकी सगळी काडी. सुनेला पोटभर जेवू घाला, असं सांगायला बाबांनी मला सोजरबाईकडं धाडलं. बाई ज्वारी पाखडत होती. मान वर न करताच म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी लेकरांना बाराखडी शिकवा. पोटुशी बाईनं पोटभर खाल्लं की लेकराला आत जागा उरत न्हाई. आमी काय खात हुतो? चतकोर भाकरी अन् वरून पाणी. सात लेकरं झाली मला."

"जगली किती?" मी विचारलं. तोंडाला कुलूप घालणं मला कधी जमलंच नाही.

सूप थांबलं. "दोन," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी दुष्ट नव्हती हो! सुनेवर तिचा लई जीव होता, आणि त्या मायेपोटीच ती तिला अर्धपोटी ठेवत होती. सगळं मी बाबांना सांगितलं.

पुढच्याच रविवारी बाबांनी जाहीर करून टाकलं. पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस जवळ आले होते, म्हणजे उपासाचे दिवस. बाबा म्हणाले, "आपल्याकडं उपास बारा महिने चालूच असतो, त्याला वेगळे चाळीस दिवस कशाला राखून ठेवायचे? यंदा आपण चाळीस दिवस जेवायचं. रोज दिवस मावळायच्या आत, प्रार्थना झाली की सगळ्यांनी एकत्र." मंडळी आधी कुजबुजली, मग हसली, आणि मग कामाला लागली. दर स्वयंपाकाला मूठभर पीठ देवासाठी बाजूला काढायची आमच्या बायकांची रीत होतीच. त्या मुठी एका मडक्यात आल्या. कुणी हुलगे आणले, कुणी शेवग्याच्या शेंगा, कुणी जवसाची चटणी. बाजारातले फळवाले चाचा उरलेली केळी पाठवायला लागले; म्हणाले, "ऐसा रोजा हमारे में बी होना था, पाद्रीसाब!"

पहिल्या दिवशी सवयीनं पुरुष आधी बसायला निघाले, तर बाबा पळी घेऊन आडवे. "शेवटचे ते पहिले होतील, असं प्रभूनं सांगितलंय. घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं?" मग त्यांनीच सांगितलं, "सुना जेवतात. तर आधी सुना बसतील, मग सासवा, मग आपण."

"बायका आधी अन् आमी मागून? ह्ये कावून, बाबा?" एकजण कुरकुरला.

"कावून ते प्रभूला विचारा," बाबा म्हणाले आणि वाढायला लागले. पाद्री सुनांना वाढतोय, हा तमाशा बघायला सगळा गाव कुंपणाशी लोटला. आशीर्वाद मागितलेलं अन्न ताटात टाकायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम; त्यामुळं कृपाला दोन भाकऱ्या आणि वाटीभर हुलगे संपवावेच लागत. चौथ्या दिवशी सोजरबाईला राहवलं नाही. "बाबा, पुरं झालं तिला." बाबांनी हात जोडले. "सोजरबाई, आशीर्वाद मागून झाला. आता तो परत कसा करू, तुम्हीच सांगा." देवाच्या कामात ती बाई जन्मात कधी आडवी आली नव्हती. ती बाजूला झाली, पण जेवण होईतो तिची नजर सुनेच्या पोटावरून हलेना. भ्याली होती बिचारी.

मधे वरचे पाद्रीसाहेब घोड्यावरून तपासणीला आले. ऐन उपासाच्या दिवसांत सगळी मंडळी हुलग्याचे शेंगोळे ओरपताना पाहून ते लालबुंद झाले. बाबांनी अगदी काळजीनं विचारलं, "साहेब, पित्त झालंय का?" साहेब आले तसे परत गेले.

सण आला आणि गेला, तरी जेवणं काही थांबेनात. बाबा बोटांवर मोजायचे आणि सांगायचे, अजून दहा दिवस राहिले. ते दहा संपले की पुन्हा मोजायचे. मी शाळेत अंकगणित शिकवणारी; मला मेलं हसू आवरायचं नाही.

भर उन्हाळ्यात कृपा बाळंत झाली. मुलगी, चांगली भरलेली. रडली ती देवळापर्यंत ऐकू आली. सगळी मंडळी आनंदली, बाबांचा चेहरा मात्र उतरलेलाच. त्या भागात बाळंतिणीला तीन दिवस गूळपाण्याशिवाय काही देत नसत. कृपा आधीच अशक्त. ती उपाशी राहिली तर दूध कुठून येणार, आणि दूध नाही तर लेकरू कसं जगणार? आणि बाळंतिणीच्या खोलीत पाळकाचं काय चालणार? संध्याकाळी ते मडक्यापाशी पळी धरून उभे राहिले आणि प्रार्थना म्हणायचीच विसरले.

तेवढ्यात सोजरबाई आली. पंगतीला बसली नाही. घरून आणलेली पितळी तिनं पुढं केली.

"वाढा, बाबा. आधी सुनंचं वाढा. भुकंजलीय पोर."

बाबांनी पळी मडक्यात बुडवली.

"भाजी जास्ती घाला. अन् आशीर्वाद मागा की आधी, न्हाईतर ती खायाची न्हाई."

बाबांनी आशीर्वाद मागितला आणि पितळी काठोकाठ भरली. सोजरबाईनं पितळीवर पदर घातला आणि त्या वयात जवळजवळ पळतच घरी गेली.

बाळंतीण हिंडायला-फिरायला लागली त्या दिवशी बाबांनी जेवणं बंद केली. मी विचारलं, "एका सुनेसाठी सगळ्या मंडळीला जेवायला घातलंत? तिच्यापुरती भाकरी गुपचूप धाडली असती तर?"

"एकटीला वाढलं असतं तर ती चोरासारखी जेवली असती, मास्तरीणबाई. आणि सोजरबाई मंडळीत एकटी पडली असती. दोघी आपल्याच की."

पुढच्या वर्षी बाबांची बदली झाली. नवे पाळक आले, उपासाचे दिवस पुन्हा उपासाचे झाले आणि सणाच्या पंगतीला पुरुष पुन्हा आधी बसायला लागले. बाबा निघाले त्या सकाळी सोजरबाई नातीला कडेवर घेऊन गाडीमागं वेशीपर्यंत चालत गेली. मीही होते. इतके दिवस तुम्हाला हसले, बाबा, माझं चुकलं, एवढंच मला सांगायचं होतं. गाडी ओढा उतरून पलीकडं गेली तरी माझ्या तोंडून ते निघालं नाही.