माचानोचं फुकट आमंत्रण

काहीही न करण्यासाठी हजारो मैल विमानाने आलेल्या माणसांना काहीतरी करायला लावणं, हा माचानो पांडूचा धंदा होता. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे ते जंबियानी या पट्ट्यात, तो वीस वर्षं हेच करत आला होता आणि त्यातली खुबी त्याला नेमकी कळली होती. पहिल्या दिवशी पर्यटक वाळूत पडतो आणि आता इथून हलायचं नाही म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ भाजते. तिसऱ्या दिवशी त्याला अचानक आठवतं, की घरी गेल्यावर लोक विचारणार, काय काय केलंत तिकडे? त्या तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले की समोर माचानो उभा असे.

त्याच्याकडे सगळं होतं. किझिमकाझीचे डॉल्फिन, जोझानीच्या रानातली तांबडी माकडं, शेजारच्या छोट्या बेटावरची शंभर वर्षांची कासवं, मसाल्याच्या बागेत डोळे मिटून वासावरून लवंग-दालचिनी ओळखणं, जुन्या शहरातले नक्षीचे दरवाजे. शिवाय ओहोटीला समुद्रात उघड्या पडणाऱ्या वाळूच्या उंचवट्यावर जाऊन कलिंगड खाणं. कलिंगड किनाऱ्यावरही मिळे, त्याच पाटीतलं. पण तासभर होडीत बसून जाऊन खाल्लं की त्याची सहल होई.

अशा माणसांना किनाऱ्यावर पापासी म्हणतात. पापासी म्हणजे गोचीड. माचानोला त्या नावाचं फारसं वाईट वाटत नसे. गोचिडीला एकदा चिकटलं की निवांत बसता येतं, आपल्याला रोज नवं जनावर शोधावं लागतं, एवढीच त्याची तक्रार होती. त्याआधी तो मसाल्याच्या बागेत पर्यटकांसाठी माडावर चढायचा आणि शेंड्यावर पोचून गाणं म्हणायचा. एके दिवशी वरून पाहताना त्याच्या लक्षात आलं, की खाली सावलीत उभा राहून ही गर्दी घेऊन आलेला माणूस आपल्यापेक्षा जास्त कमावतो आणि त्याचे गुडघेही शाबूत आहेत. माचानो खाली उतरला तो पुन्हा चढला नाही.

घर मात्र माकुंदुचीत होतं, बेटाच्या दक्षिण टोकाला, आणि तिथे आई होती. बी किदावा. वय सत्तरीच्या पुढे, नेमकं किती ते तिने कुणाला विचारू दिलं नव्हतं.

माकुंदुचीत जुलैमध्ये नवं वर्ष लागतं. त्या दिवशी सकाळी गावातले पुरुष माळावर जमून केळीच्या खोडाच्या सोपांनी एकमेकांना बडवतात. गेल्या वर्षीची भांडणं अशी झोडपून संपवली, की नवं वर्ष कोरं मिळतं. मग झावळ्यांची झोपडी पेटवतात, आत बसलेला माणूस धुरातून पळत बाहेर येतो, बायका ठेवणीतले कांगे नेसून पुरुषांची उणीदुणी काढणारी गाणी म्हणत शेतांतून फिरतात आणि दुपारी घरोघर जेवणं होतात. या जेवणाला घरात पाहुणा लागतो. नातेवाईक चालत नाही, शेजारी चालत नाही. बाहेरून आलेला, खरा पाहुणा. ज्या घरात त्या दिवशी पाहुणा जेवत नाही त्या घराचं वर्ष पोकळ जातं.

माचानोच्या घरी एकोणीस वर्षं हाजी सिलिमा येत असत, शहरातल्या टपाल कचेरीतले जुने कारकून. तीन वाढण्या खायचे, एक डुलकी काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. यंदा जूनमध्ये त्यांना मुलीने दार-एस-सलामला कायमचं नेलं. निरोप आला तेव्हा बी किदावा तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"मग यंदा कोण?" तिने विचारलं.

माचानोला हसू आलं. वर्षाला हजारभर परक्या माणसांशी बोलणाऱ्याला पाहुण्याची वाण कशी पडेल? एक काय, पाच आणतो, त्याने सांगितलं. बी किदावाने तांदळातला एक खडा उचलून लांब फेकला.

"पाच नको. एक आण. आणि नाही मिळाला तर मी उस्सीकडे जेवेन. त्याच्याकडे पाहुणे असतात."

उस्सी हा माचानोच्या बायकोचा, मिझेचा, भाऊ. म्हणजे आईने नव्या वर्षाचं जेवण सुनेच्या माहेरी जेवायचं, आणि तेही अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत उन्हातून चालत जाऊन. मिझेने आतून हे ऐकलं. त्या रात्री माचानोच्या ताटात मासळीचं डोकं आलं नाही, शेपूट आलं.

तरीही माचानो निर्धास्त होता. सणाच्या आदल्या दिवशी तो पाजेच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथे त्याला आयुष्यात प्रथमच कळलं, की त्याला विकता येतं, पण देता येत नाही. एका फ्रेंच बाईला त्याने सांगितलं, उद्या माझ्या घरी जेवायला या, पैसे नाहीत. तिने विचारलं, मग गालिच्याचं दुकान वाटेत आहे का? दोन इंग्रज पोरांनी विचारलं, की फुकट कशाला? वीस वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एक म्हातारे गृहस्थ मात्र हसून हो म्हणाले. माचानोला भरून आलं. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि आधी हे सगळं लिहून द्या म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्याने तीन डॉल्फिन सहली आणि एक मसाल्याची बाग विकली होती. पाहुणा एकही नव्हता.

सणाच्या सकाळी माळावर धूळ उडत होती. उस्सी केळीचं सोप खांद्यावर टाकून उभा होता आणि त्याच्यामागे तीन इटालियन उभे होते. तो शाळेत मास्तर होता. त्याने आयुष्यात कुणाला काही विकलं नव्हतं, त्यामुळे लोक त्याच्यावर पटकन विश्वास ठेवत.

"काय दाजी, पाहुणे कुठायत?" उस्सीने विचारलं.

"येतायत."

"नाही, माझ्याकडे तीन झालेत. मिझेचं घर म्हणून एक उसना देतो, वाटल्यास. जेवण झालं की परत आणून द्या."

माचानोने सोप उचललं आणि पुढची पाच मिनिटं तो मेव्हण्याला मनापासून बडवत राहिला. उस्सीनेही कसर ठेवली नाही. इटालियनांनी चिकार फोटो काढले. दोघे दमून वाकले, तेव्हा माचानोच्या मनातलं उस्सीविषयीचं सगळं वैर खरोखरच संपलं होतं, पण पाहुण्याचा प्रश्न तसाच होता. तेवढ्यात झोपडी पेटली, आतला माणूस ओरडत बाहेर धावला, टाळ्या झाल्या. पर्यटक पाण्याच्या बाटल्या काढून गाड्यांकडे वळायला लागले.

तेव्हा माचानोने ते केलं जे त्याला येत होतं. टोपी घातलेलं एक डॅनिश जोडपं घड्याळ बघत उभं होतं. माचानो त्यांच्यापुढे गेला आणि म्हणाला, गावातल्या खऱ्या घरी खरं सणाचं जेवण, बसायला चटई, वाढायला खरी आई, माणशी वीस डॉलर. जोडपं एका दमात हो म्हणालं. बाईने तर एवढंच का, अशा नजरेने नवऱ्याकडे पाहिलं.

त्यांना घेऊन आलेली गाडी फाकीची होती. फाकी हा पेंबा बेटावरचा ड्रायव्हर, पंधरा वर्षं इकडेच गाडी चालवणारा. दोन वर्षांपूर्वी त्याने माचानोचे सहा जर्मन किझिमकाझीच्या वाटेवरच दुसऱ्याच्या होडीत बसवले होते. तेव्हापासून दोघांत कमिशनापुरतंच बोलणं होतं. आताही फाकीने गाडी सुरू करण्यापूर्वी आपला वाटा विचारला. माचानो म्हणाला, नंतर. घरापाशी पोचल्यावर त्याने जोडप्याला उतरवून घेतलं आणि फाकीला गाडीतच थांबायला सांगितलं, कारण ड्रायव्हर आत आला की जेवणाच्या मध्येच हिशोब काढतो.

दारात बी किदावा उभी होती. तिने दोन्ही हात पुढे करून स्वागत केलं, पाणी दिलं, चटई झटकली. माचानोची छाती फुगली. डॅनिश गृहस्थ, प्रेबेन त्याचं नाव, फार सरळ माणूस होता. पैसे आधी द्यायचे की जेवणानंतर, हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने पाकीट काढलं आणि घरात सगळ्यात मोठ्या दिसणाऱ्या माणसापुढे नोटा धरल्या. म्हणजे बी किदावापुढे.

बी किदावाने नोटांकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं.

"हे कोण?"

"पाहुणे," माचानो म्हणाला.

"पाहुणा हातात नोटा घेऊन उंबरा ओलांडत नाही, लेका. ही तुझी गिऱ्हाइकं आहेत. चांगली माणसं दिसतात, त्यांना मी पोटभर वाढते. पण माझा पाहुणा कुठाय?"

माचानोने घाईघाईने प्रेबेनला सांगितलं, की पैसे राहू द्या, जेवा. त्याबरोबर प्रेबेनचा चेहरा पडला. आता पैसे नको म्हणणारा माणूस नंतर दुप्पट मागतो, असं त्याने कुठेतरी वाचलं असावं. त्याने नोटा पुढे सरकवल्या. माचानोने मागे सरकवल्या. तिसऱ्या खेपेला प्रेबेनने त्या पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवल्या आणि हाताची घडी घालून बसला. बी किदावाने मिझेला त्या दोघांना पिलाव वाढायला सांगितलं आणि खुंटीवरचा चांगला कांगा उतरवून डोक्यावरून घेतला. मग ती चपला शोधू लागली.

"आई, ऊन आहे," माचानो म्हणाला.

"उस्सीचं घर सावलीत आहे."

माचानो बाहेर धावला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळे जेवायला बसले होते. सगळ्या गावातले पाहुणे कुणा ना कुणाच्या चटईवर होते. बदामाच्या झाडाखाली फक्त एक गाडी उभी होती, आणि तिच्यात वर्तमानपत्रावर तळलेला कसावा ठेवून फाकी जेवत होता.

माचानो गाडीपाशी गेला. सकाळीच भेटलेले असूनही दोघांनी रीतीप्रमाणे घरचं कसं, मुलं कशी, तब्येत कशी, पेंबाची खबर काय, हे सगळं विचारून घेतलं. मग माचानो म्हणाला, "चल, जेवायला."

फाकीने कसाव्याचा तुकडा तोंडात टाकला. "कितीला?"

"फुकट."

"माचानो, मी पण याच धंद्यात आहे. फुकट म्हटलं की मी आधी खिसा चाचपतो."

"खरंच फुकट."

"मग माझं कमिशन बुडवायचं असेल."

माचानोच्या जिभेवर तीन-चार वाक्यं तयार होती, सगळी चांगली, सगळी वापरलेली. फाकीने ती सगळी ऐकलेली होती, त्यातली दोन तर स्वतःही वापरली होती. माचानोने गाडीच्या खिडकीवर हात ठेवले.

"आई उस्सीकडे जेवायला निघालीय," तो म्हणाला. "घरात पाहुणा नाही म्हणून. चपला सापडल्या की निघेल. तू आलास तर ती थांबेल. मला बाकी काही नको तुझ्याकडून."

फाकीने चावणं थांबवलं. दाराकडे पाहिलं. दारात खरोखरच एक म्हातारी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होती.

"पेंबाचा माणूस चालेल का तिला? तुम्ही लोक म्हणता आम्ही चेटूक करतो."

"चेटूक जेवण झाल्यावर कर."

फाकी उतरला. उरलेला कसावा त्याने कागदात गुंडाळून खिशात ठेवला, कारण विश्वास ठेवला तरी त्याला मर्यादा असते. दारात त्याने वाकून शिकामो म्हटलं. बी किदावाने मरहबा म्हणून तो आदर स्वीकारला आणि चौकशीला सुरुवात केली. गाव कुठलं? पेंबा, चाके चाके. बाप कोण? आजा कोण? आई कुठली? माकुंदुचीत कुणाशी सोयरीक? दक्षिणेत कुणी? फाकी प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला आणि दर नाहीबरोबर म्हातारीचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे तू आमचा कुणीच लागत नाहीस?"

"कुणीच नाही, आजी."

"बस, बाळा, बस," ती म्हणाली आणि पायातली चप्पल काढून कोपऱ्यात टाकली.

फाकीने पहिली वाढणी संपवली. दुसऱ्या वाढणीला तो म्हणाला, की पिलाव ठीक आहे, पण लवंग मवाळ आहे. पेंबाची लवंग असती तर वास रस्त्यापर्यंत गेला असता. मिझेने डोळे वटारले. बी किदावा खूश झाली. नावं ठेवणारा पाहुणा तिला हाजी सिलिमांनंतर आजच भेटला होता. तिने त्याच्या पानात नारळाच्या रसातला ऑक्टोपस वाढला, सगळ्यात जाड तुकडा निवडून, आणि शहरातल्या भाड्याच्या खोलीत तो स्वतः रांधतो की कसं, लग्नाचं काय, पायाला सूज का आहे, हे सगळं विचारून घेतलं. फाकी उत्तरं देत राहिला, खात राहिला. कमिशनाचं नाव त्याने काढलं नाही.

प्रेबेन बराच वेळ हे पाहत होता. त्याच्याही पानात पिलाव होता, ऑक्टोपसही होता, आणि त्याची बायको चटईवर मांडी घालून सुखात जेवत होती. तरी तो फाकीच्या पानाकडे पुन्हा पुन्हा बघत होता. शेवटी त्याने माचानोला हळूच विचारलं, हे गृहस्थ कोण?

"पाहुणा," माचानो म्हणाला.

प्रेबेन विचारात पडला. मग तो पुढे झुकला आणि पुढच्या वर्षी यांच्यासारखं यायचं झालं तर किती पडेल, असं त्याने विचारलं.

माचानोने सवयीने तोंड उघडलं. मग मिटून घेतलं.

"काय म्हणतोय तो?" बी किदावाने विचारलं.

"विचारतोय," माचानो म्हणाला, "भात आणखी आहे का."

"आहे की," असं म्हणत बी किदावा स्वतः उठली, डाव घेतला आणि प्रेबेनच्या पानात, त्याने हात आडवा धरलेला असतानाही, भाताचा ढीग घातला.