भांडायला एक विषय पुरतो

"कुसुमा होदळु," एवढंच शांताक्का फोनवर म्हणाली. माझ्याशी ती कायम मराठीत बोलायची, पण त्या सकाळी तिची मराठी आटली होती... कुसुमा गेली. कुसुममावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. हिंडलग्याच्या शेतकरी घरातली पहिली शिक्षिका, आणि सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात पुढं. शांताक्का गोकाककडची, कानडी शाळेत गणित शिकवायची. दोघी बेळगावात अनगोळला एका घरात राहत, नवरा-बायकोनं राहावं तशा, जोडीनं. गल्लीला हे कधी उमगलं नाही, कारण तिला त्याहून मोठा धक्का आधीच बसला होता. मराठी बाई कानडी बाईबरोबर राहते!

मावशी शांताक्काला पहिल्यांदा हिंडलग्याला घेऊन गेली, तो प्रसंग तिनं मला कितीदा तरी सांगितला असेल. "ही आता माझ्यासंगं ऱ्हाणार. जन्मभर," असं तिनं सोप्यात उभं राहून जाहीर केलं. आजीनं एवढंच विचारलं, "भाकरी थापाय येती का हिला?" येत होती, मावशीपेक्षा बरी. मामा मात्र ताडकन उठला. "साऱ्या बेळगावात तुला एक मराठी बाई गावली न्हाय व्हय?" त्यानंतर कित्येक वर्षं तो अनगोळच्या घरात पाणीसुद्धा प्यायला नाही. "तेवढीच त्याची हरकत, बघ," म्हणत मावशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची.

दारावर त्यांनी दोन्ही भाषांत नावाची पाटी लावली होती. एकदा एका बाजूची पोरं येऊन कानडी ओळ काळी करून गेली, आठवड्यानं दुसऱ्या बाजूची येऊन मराठी ओळ. त्यातली निम्मी हिची विद्यार्थी, निम्मी तिची. दोन्ही वेळा शांताक्कानं हात धुवायला साबण आणि वर चहा दिला. चहा पिताना पोरं मान वर करत नव्हती म्हणे.

कॉलेजात माझ्या डोक्यात स्त्रीवाद शिरला, तेव्हा मी मावशीच्या मागंच लागले. उघड बोल, लपून का राहायचं? ती शांतपणे म्हणाली, "लपलोय कुठं? दारं उघडीच हाईत. खरं आपल्या गावाला भांडायला एक विषय पुरतो गं. दुसरा कशाला द्यायचा?" याचं उत्तर मला ती गेल्यावर सापडलं. लोक समाचाराला आले, मामाच्या खांद्यावर हात ठेवून गेले. आणि जिचं सगळं गेलं होतं, ती शांताक्का त्याच लोकांसाठी आत चहा गाळत होती. "मैत्रीण हुती, सोबतीला," असं कुणीतरी कुणाला सांगत होतं. मला असा संताप आला... मावशीवरसुद्धा.

बारावा हिंडलग्याला झाला. आमच्याकडं त्या दिवशी ज्याचं माणूस गेलं त्याला पाटावर बसवून पाहुणे आहेर करतात. पाटावर अर्थातच मामा. शांताक्का मागं, भिंतीला टेकून. पहिला आहेर पुढं आला तसा मामा उठला. "आक्का, बसा हितं." तिला कळेना. "बसा म्हंतोय न्हवं!" मायाही दम दिल्यासारखीच करायची, हा त्याचा स्वभाव. ती बसली. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं, "ही कोण लागती?"

"कुसुमाक्काचं माणूस," मामा म्हणाला. मग त्यालाच राहवलं नाही. "कानडी हाय. खरं आमचंच हाय."

मामीनं तिच्या मांडीवर साडी ठेवली. मामानं ती आदल्याच दिवशी खडेबाजारातून आणली होती, म्हणजे गडी ठरवूनच आला होता. शांताक्का त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडली, आणि तिच्याबरोबर मीही.

अनगोळच्या घरात अजून दोन पेपर येतात, एक मराठी, एक कानडी. सकाळी चहा घेत दोघी आपापल्या पेपरातली सीमाभागाची बातमी मोठ्यानं वाचायच्या आणि त्यांची जुंपायची. ते त्यांचं रोजचं सुख. हल्ली दर रविवारी मामा तिथं जातो आणि मराठी पेपर घेऊन मावशीच्या खुर्चीत बसतो. परवा शांताक्काचा फोन आला, तक्रारीचा.

"तुझ्या मामाला जरा सांग गं. मी कायबी म्हटलं तरी व्हय व्हय म्हंतोय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "असं केल्यावर कुसुमाच्या बाजूनं भांडायचं कुणी?"