पाटीमास्तर खाली आहेत

पाटीमास्तर बाहेर पडताना कुलूप लावायला विसरत, पण पाटी लिहायला कधी विसरले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी, रस्त्यावरून जाणाऱ्याला सहज दिसेल अशी, लाकडी चौकटीची शाळकरी पाटी सुतळीने खिळ्याला टांगलेली असे आणि तिच्यावर मास्तरांचा त्या घटकेचा ठावठिकाणा. ‘दळण आणायला गेलो आहे. गर्दी नसेल तर लगेच येतो.’ ‘देवीच्या टेकरीवर गेलो आहे. गुडघे बोलू लागले तर अर्ध्या वाटेवरून परत.’ ‘वर झोपलो आहे. उठवले तरी चालेल.’ सरकारी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे अक्षर असं की दळणाची बातमीसुद्धा लग्नपत्रिकेसारखी वाटावी. खरं नाव चांगलं भारदस्त होतं त्यांचं, पण आमच्या गल्लीत ते कोणी वापरलं नाही.

ही सवय काकूंनी लावलेली. काकू धारच्या, मोठ्या एकत्र कुटुंबातल्या. देवासला येऊन बघतात तो नवरा न सांगता निघून जाणारा. मास्तरांची पहिली नेमणूक अमझेऱ्याला होती, तिथे एकटं राहून ती खोड लागली होती म्हणे. काकूंनी भांडण केलं नाही, शाळेतून एक पाटी आणायला सांगितली. काकू गेल्या तरी पाटी राहिली. आता ही कोणासाठी लिहिता, असं मी एकदा विचारलं होतं. आगाऊच होतो मी. मास्तर म्हणाले, “अरे, कोणी ना कोणी विचारतंच. नाही विचारलं तर वाचतं.”

मी त्यांच्या समोरच्या घरातला. माझे वडील सांगलीकडून इथे कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. माझी शाळा हिंदी. मराठी बोलायला फर्डी, वाचताना मात्र ‘ळ’ आला की पाय घसरायचा. ‘दळण’ हा शब्द मी मास्तरांच्या पाटीवर अक्षरं लावून लावून शिकलो. चुकीचं वाचलं तर ते वरच्या खिडकीतून नुसतं “अंहं” म्हणत, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

मास्तर मात्र जुने देवासकर. गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, तेव्हा त्यांचे आजोबा धाकट्या पातीत कारकून होते. त्यामुळे बदल या गोष्टीचं त्यांना भारी कौतुकही नव्हतं आणि धास्तीही नव्हती. गल्लीतली घरं एकेक करून विकली जाऊ लागली. आमच्या शेजारी चार मजली मल्टी उभी राहिली, कोपऱ्यावर मुलींचं हॉस्टेल झालं, त्याच्या खाली जिम आली, चाऊमिनची गाडी आली. सकाळी स्कूटर काढायची तर आधी दुसऱ्यांच्या चार गाड्या हलवाव्या लागत. मी रोज त्रागा करी. एकदा मास्तर म्हणाले, “सुधीर, आमच्या आजोबांच्या वेळी रस्ता ओलांडला की दुसऱ्या राजाचं राज्य लागायचं. इथे सरकारं बदलली, तू शेजारी बदलले म्हणून काय रडतोस?”

मल्टीत फ्लॅट बघायला येणारी माणसं हटकून त्यांनाच गाठत. दिसायला भला म्हातारा, विचारावंसं वाटे. अंकल, रहने के लिए कैसी जगह है? मास्तर गंभीरपणे सांगत, “अभी रह के देख रहा हूँ.” किती वर्षं झाली म्हणून विचारलं तर, “बहत्तर.” माणसं हसत आणि निम्मी तरी फ्लॅट घेऊन टाकत. मी म्हणायचो, मास्तर, बिल्डरने तुम्हाला पगार द्यायला हवा.

नव्या लोकांशी त्यांची गट्टी अशी नव्हती. ते कोणाकडे उठून जात नसत, कोणाला उपदेश करत नसत. परसात अळू माजलं की पानांच्या जुड्या बांधून ओट्यावर ठेवत, ज्याला हवं त्याने न्यावं. हॉस्टेलच्या मुली किल्ली हरवण्यात पटाईत, म्हणून त्यांची जादा किल्ली मास्तरांच्या जिन्यात खिळ्याला असे. त्यातली टोंकखुर्दची पूजा नर्सिंग शिकत होती. ती येता-जाता पाटी मोठ्याने वाचायची आणि अडली की मास्तरांना हाक मारून अर्थ विचारायची. मला हे सगळं फुकटचं लोढणं वाटे. उद्या काही चोरीला गेलं तर पोलीस तुमच्याकडे येतील, असं मी बजावलंही होतं. “येऊ देत की, पाटी वाचतील,” म्हणाले.

आता मुद्द्याची गोष्ट. मास्तर राहायचे वर, आणि थंडीत मात्र दिवसभर खाली, मागच्या परसात, उन्हाला खुर्ची टाकून. आलेल्या माणसाने उगाच जिना चढू नये म्हणून पाटीवर लिहीत, ‘वर जाऊ नका. मी खाली आहे.’ पुढे पुढे कंटाळा करून नुसतंच, ‘खाली आहे.’ अख्खा पौष महिना ते दोन शब्द दाराशी लटकत होते, ठळक, सुबक, लांबून वाचता येतील असे. मराठी माणसाला त्यात काही गैर दिसणार नाही. पण ‘आहे’ म्हणजे ‘है’ एवढं मराठी देवासच्या गाईम्हशींनाही कळतं, आणि हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. घर रिकामं आहे, भाडेकरू किंवा गिऱ्हाईक पाहिजे.

एक दलाल दोन माणसांना घेऊन आला. बाबूजी, मकान दिखा दोगे? मास्तरांना वाटलं, भिंतींवरची चित्रं बघायला आलेत. त्यांनी हौसेने सगळ्या खोल्या दाखवल्या, माळासुद्धा दाखवला, चहा पाजला आणि पुन्हा या म्हणून सांगितलं. दलालाने पानाच्या ठेल्यावर जाहीर करून टाकलं, “मास्टरसाब का मकान खाली हो रिया है, भिया.” संध्याकाळपर्यंत ती बातमी गल्लीभर झाली आणि दुसऱ्या दिवशी इंदूरला मास्तरांच्या मुलाला, श्रीकांतला, दलालाचा फोन गेला.

श्रीकांत गेली तीन वर्षं वडिलांच्या मागे लागला होता की घर विका आणि माझ्याकडे या. मुलगा चांगला, सून चांगली, दर रविवारी येणार, औषधं भरून ठेवणार. त्याला वाटलं, बाबांनी एकदाचं मनावर घेतलं. रविवारी तो मिठाई घेऊन आला. मलाही बोलावून घेतलं, कारण मी त्याच्याच बाजूचा. मास्तरांना पाच मिनिटं काही कळेना. कळलं तेव्हा ते खाली गेले, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, डोळे बारीक करून स्वतःचीच पाटी हिंदीत वाचली, आणि ठसका लागेपर्यंत हसले.

श्रीकांत हसला नाही. म्हणाला, “बाबा, शब्द चुकून गेला, पण खोटा नाही. इथे तुमचं आता कोण राहिलंय? जिन्यात पडलात तर कळणार कोणाला?” मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “खरं आहे मास्तर. ही गल्ली आता राहायची राहिली नाही.” हे मी बोललो. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं होतं, आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

 मास्तर म्हणाले, आठ दिवस द्या. आवाजात ठामपणा नव्हता. गुडघे खरंच गेले होते, पाण्याची मोटर चालू करायला दिवसातून दोनदा उतरावं लागत होतं, आणि बोलायला मराठी माणूस म्हणजे समोरचा मी, तोही सदा कातावलेला. या वेळी ते जाणार, हे मला त्यांच्या बसण्यावरून समजलं. श्रीकांतलाही समजलं. त्याने जाताना त्यांना वाकून नमस्कार केला.

त्या आठवड्यात मी रोज कचेरीतून येताना त्यांच्याकडे डोकावत होतो. पहिल्याच दिवशी जिमचा पहिलवान आलेला. हा त्यांचं गॅसचं सिलिंडर वर नेऊन ठेवायचा, हे मला तेव्हा कळलं. दंड फुगवून तो विचारत होता की मास्तरांना कोण त्रास देतंय, नुसतं नाव सांगा. त्याला शांत करता करता मास्तरांच्या नाकी नऊ आले. मग पूजा आली. ती जाऊ नका वगैरे काही म्हणाली नाही. तिने विचारलं, तुम्ही गेलात तर आमची किल्ली कुठे ठेवायची, आणि उत्तर मिळेपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

गुरुवारी मल्टीतल्या दुसऱ्या मजल्यावरची एक बाई आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, मास्तरांनीही नाही. ती दारातच उभी राहून संकोचाने म्हणाली, “सर, मेरी सास बिस्तर पे हैं. रोज़ सुबह पूछती हैं, मास्टरजी आज कहाँ गए. मैं बालकनी से पढ़ के बताती हूँ. आप चले जाओगे तो उनको क्या बताऊँगी?” मास्तर उठून उभे राहिले.  ती गेल्यावर कितीतरी वेळ ते त्या बालकनीकडे बघत होते. तिथे एक टॉवेल वाळत होता.

आठव्या दिवशी श्रीकांत आला तेव्हा मास्तर त्याला म्हणाले, “तुझ्याकडे सगळ्यांना माझं नाव माहीत होईल, श्रीकांतचे वडील म्हणून. इथे माझं नाव कोणाला ठाऊक नाही, पण मी कुठे आहे ते ठाऊक आहे. या वयात मला हे दुसरंच जास्त कामाचं वाटतं रे.” श्रीकांतचे डोळे भरून आले. वाद त्याने घातला नाही. पुढच्या रविवारी माणूस आणून जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला. मास्तरांनी पाटीवरचा ‘खाली’ कायमचा पुसला आणि ‘परसात आहे’ असं लिहायला सुरुवात केली. मग चार-आठ दिवस लोक त्यांना विचारत होते की बरसात कुठे आहे.

घर सोडलं ते मी. त्याच वर्षी. बायपासकडे नवी कॉलनी झाली, फाटक, पहारेकरी, बाग, गाडीला स्वतःची जागा. मास्तरांसमोरचं आमचं घर एका क्लिनिकवाल्याला दिलं. मास्तरांना सांगायला गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. ते म्हणाले, “जा. मोकळी हवा चांगली. फक्त तिकडे कोणाला तरी सांगून बाहेर पडत जा.” मी हसलो. तीन वर्षं झाली, मी कोणाला सांगून बाहेर पडलेलो नाही. पहारेकरी गाडीचा नंबर लिहून घेतो तेवढंच. सुरुवातीला मी महिन्यातून एकदा मास्तरांकडे जायचो, मग दिवाळीला, मग फोन. गाडी लावायला जागा मिळत नाही, ही सबब मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली की ती खरी वाटायला लागली.

गेल्या माघात मास्तर गेले. परसात खुर्चीत, उन्हात, बसल्या बसल्या. पूजा आता दवाखान्यात नोकरी करते, राहते मात्र तिथेच. नाडी तिनेच पाहिली आणि श्रीकांतला फोनही तिनेच केला. मला श्रीकांतने कळवलं. मी पोचलो तोवर दुपार झाली होती. जिमचं शटर अर्धं ओढलेलं, चाऊमिनची गाडी उलटी करून ठेवलेली, दुचाक्या कोणीतरी सगळ्या हलवून रस्ता मोकळा केलेला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या सासूबाईंना पहिलवानाने खुर्चीसकट उचलून खाली आणलं होतं. त्यांनी मास्तरांना जवळून त्या दिवशी प्रथमच पाहिलं असावं. श्रीकांत ओट्यावर उभा होता. माझा हात धरून म्हणाला, “आत उभं राहायला जागा नाही रे. यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखतसुद्धा नाही.”

मी कडेने आत शिरायला लागलो. दाराशी हॉस्टेलची एक नवी मुलगी लोकांना पाणी देत होती. माझ्या बुटांकडे, हातातल्या हाराकडे बघून तिने अदबीने वाट करून दिली. “अंकल, आप बाहर से आए हैं ना? आप पहले जाइए. बाहरवालों को पहले दर्शन करा रहे हैं, गल्ली के लोग तो यहीं हैं.”

समोरच्या क्लिनिकच्या जागी जे घर होतं, त्यात माझा जन्म झालेला. मी “हाँ” म्हणालो आणि पुढे झालो.