ऊन मोजणारे हबीब सर

हबीब सरांनी माझ्यादेखत दगड चाटला, ती आमची पहिली भेट. यवतमाळच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. स्टाफरूममध्ये समोर बसलेल्या गृहस्थांनी खिशातून पिवळट खडा काढला, जिभेला लावला, क्षणभर डोळे मिटले आणि रुमालानं पुसून तो माझ्यापुढे धरला. "घ्या मॅडम. जिभेले चिकटला तं समजाचं, माती होती कधी." नुकताच चहा झालाय असं सांगून मी सुटका करून घेतली. भूगर्भशास्त्राची माणसं दगड असाही ओळखतात, हे मला पुढं कळलं. तोवर, कॉलेजात एका माणसापासून जरा जपून राहावं लागेल, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं.

सर मूळचे ढाणकीचे. वडील पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे. "अब्बा म्हणत, याले मशीन खोलाले पाठवा, तं हा तिच्याखालचा गोटा घेऊन येते," असं सर मोठ्या कौतुकानं सांगायचे.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. मे महिन्यात कपाळ पुसत कुणी म्हणालं, "असं ऊन कधी पाहिलं नाही," की सर शांतपणे विचारत, "कोणाच्या मानानं?" मग टेबलाच्या खणातून वणीच्या पलीकडून आणलेले दोन तुकडे निघत. एक ओरखड्यांनी भरलेला गोटा. "हा करोडो वर्षांमागं, इथंच, बर्फाच्या लादीखाली घासत आलेला." दुसरा कोळसा. "अन् ही त्याच्यानंतरची दलदल." पंख्याखाली घामाघूम झालेली पोरं खोखो हसत. बर्फ पाहावा तर रसवंतीत, एवढाच त्यांचा अनुभव. सर चिडत नसत. "थंडी होती का गर्मी होती, एवढं दगड सांगते. काल किती होती, ते नाही सांगत. त्याच्यासाठी काच लागते," म्हणत.

ही काच म्हणजे कॉलेजच्या आवारातला थर्मामीटर. पांढऱ्या लाकडी पेटीत, झडपांच्या आड तो टांगलेला असे. दिवसातल्या सगळ्यात जास्त तापमानाला त्याचा पारा जिथल्या तिथं थांबतो, म्हणून सर दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन वाचत, नोंद करत आणि पारा झटकून ठेवत. नोकरी लागल्यापासून हा नेम, सुट्टीतसुद्धा. सख्ख्या मेहुणीच्या निकाहालाही ते म्हणे पेटी वाचून निघाले आणि सगळं आटोपल्यावर पोचले. बेगमसाहेबांनी तो विषय पुढं बरीच वर्षं थंड होऊ दिला नाही.

निवृत्तीच्या वर्षी हे सगळं पाण्यात जायची वेळ आली. पुण्याचे काही संशोधक विदर्भाच्या जुन्या तापमानाची सलग साखळी जुळवत होते. सरांच्या नोंदी त्यांनी आनंदानं नेल्या, आणि मग फोन आला. अलीकडच्या वर्षांत आजूबाजूच्या गावांचा मे तापत चाललेला, कॉलेजातला मात्र गार. कारण सापडलं नाही तर सगळ्याच नोंदी वगळाव्या लागतील. फोन ठेवून सर माझ्यासमोर येऊन बसले. "मॅडम, काच खोटं बोलून राह्यली असन, तं मी जिंदगीभर काय केलं?" त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी चहा मागवला.

थर्मामीटर तपासून आणला, तर ठणठणीत. पेटीजवळ ना झाड, ना भिंत. शेवटी मी म्हटलं, "सर, सुट्टीत तुम्ही फक्त सकाळी येता. कॉलेज रिकामं असतं. दुपारी तिथं काय होतं, कुणी पाहिलंय?" उन्हाळ्याची सुट्टी चालूच होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघं डोक्याला दुपट्टे बांधून गेलो.

पेटीवर ओलं पोतं होतं. नीट, चारही बाजूंनी झाकलेलं. काही वर्षांपूर्वी आलेल्या चौकीदाराची बायको गयाबाई वरून तांब्यानं पाणी शिंपडत होती.

"हे काहून, बाई?" सरांनी विचारलं.

"थंडं राहावं म्हणून जी. माठाले आपण वलं फडकं गुंडाळतो, मंग यानं कोणाचं काय केलं? बिचारं एकटं उन्हात तापून राह्यते. काच फुटली तं तुमच्या जिवाले लागन. ऊन उतरलं का काढून घेतो."

सर आता भडकणार, असं मला वाटलं. ते तिथंच पेटीच्या पायरीवर बसले आणि हसू लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. "कधीपासून?"

"आमी इथं आलो तवापासून."

गार उन्हाळे नेमके तेव्हापासूनचेच होते. त्याआधीची सगळी वर्षं सच्ची. "वाचलो मॅडम," सर म्हणाले, "काच खरंच बोलत होती. पोत्याच्या आतलं सांगत होती." मलाही इतकं हलकं वाटलं, की डोक्यावरच्या उन्हाचा विसर पडला.

गयाबाई मात्र रडकुंडीला आली. नवऱ्याची नोकरी जाईल, या धास्तीनं ती घाईघाईनं पोतं ओढून काढू लागली. "कायले घाबरता?" सर म्हणाले. "जमिनीतही मधातले थर गायब असते. तेवढे नाहीत म्हणून लिहाचं अन् पुढं चालाचं." त्या उन्हाळ्यांपुढे "पेटीवर ओलं पोतं" असं स्वच्छ लिहून त्यांनी पुण्याला कळवलं. तेवढे उन्हाळे वगळून बाकी सगळं तिकडं मान्य झालं.

निरोपाच्या दिवशी प्रश्न निघाला, आता पेटी कोण वाचणार? विज्ञानाची सारी मंडळी एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बुडाली. सर उठले आणि त्यांनी किल्ली मागं दाराशी उभ्या असलेल्या गयाबाईला दिली. पारा कसा वाचायचा, हे तिला त्यांनी आधीच शिकवून ठेवलं होतं, आम्हांला पत्ताही नव्हता.

"हिला?" मी हळूच विचारलं.

"जिले त्याची दया आली, ती त्याले सोडून नाही जाणार."

गयाबाईनं किल्ली पदराला बांधली. "अन् लयच तापलं तं, जी?"

"तापू द्या, बाई. आपण फक्त किती ते पाहाचं."

एवढं बोलून सर कायमचे गावी राहायला, ढाणकीच्या बसला निघाले. उद्या सकाळी कॉलेजात पोचायची घाई नव्हती, तरी नेहमीसारखेच भराभर चालत गेले, आणि फाटकातून बाहेर पडताना पेटीकडे वळूनही पाहिलं नाही.