भाऊजींच्या ओल्या माश्या

कार्तिक वद्य पंचमी, सकाळ. पडवीत हजर: सासूबाई, हे, मी आणि शेजारच्या काकी. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, चहा संपवून कामाच्या टेबलाशी बसले होते. "वहिनी, जरा टेकू द्या," एवढेच म्हणाले आणि माझ्या हातावर मान टाकून गेले. वैद्य येईपर्यंत सारे संपले होते. त्याला आता महिना उलटला. दुखणे रेंगाळले नाही, हाल झाले नाहीत, समोर आवडते काम मांडलेले... असे जाणे लाभले याचे घरात समाधानच अधिक आहे. ते काम काय होते हे मात्र आमच्या गल्लीतही फारसे कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून हे लिहायला घेतले.

भाऊजी मुंबईला कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका दुकानात कारागीर होते. साहेब लोक नदीवर मासे धरायला जातात तेव्हा गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसे आणि रेशीम बांधून केलेला खोटा किडा लावतात. त्याला माशी म्हणतात. काही माश्या पाण्यावर तरंगायच्या असतात. भाऊजींचा हात बसला होता तो ओल्या माशीवर. ती पाण्यात पडली की बुडली पाहिजे आणि पिसे मागे दुमडून जिवंत किड्यासारखी वाहत गेली पाहिजे. मुंबईची हवा छातीला मानवेना म्हणून सव्वीस साली ते घरी आले. लग्न केलेले नव्हते. मालकाने सांगितले की रत्नागिरीत बसून बांधा आणि आगबोटीने पाठवा, पण एकदा माल बिघडला की काम दुसऱ्याला जाईल. भाऊजींनी ते मनाला फार लावून घेतले होते. आम्ही कोणी कधी काही बोललो नाही, तरी भावाच्या घरी बसून जेवणारा माणूस व्हायचे नाही, हा एकच धसका त्यांना होता.

टेबलाच्या कडेला लोखंडी चिमटा बसवलेला, त्यात गळ पकडायचा. गळावर रेशमाचा दोरा, त्यावर लोकरीचे अंग, अंगावर चमक यावी म्हणून जरीचा एक वेढा आणि शेवटी कोंबडीच्या मानेचे मऊ पीस. जरीची तार माझ्या विरलेल्या शालूची. पिसे सासूबाईंच्या कोंबड्यांची. "मेल्या, तू उठलास की माझ्या कोंबड्या अंगण सोडतात," असे त्या रोज म्हणायच्या आणि सुपात पिसे निवडून ठेवायच्या. बांधलेली प्रत्येक माशी भाऊजी घंगाळातल्या पाण्यात टाकून बघत. कोरडी माशी कितीही देखणी असली तरी तिच्यावर त्यांचा विश्वास नसे.

एका थंडीत त्यांच्या बोटांना भेगा पडल्या आणि रेशीम अडकून तुटू लागले. सासूबाईंनी मुठेलाची, म्हणजे कोकमाच्या तेलाची, गोळी पुढे केली. आमच्याकडे टाच फुटो की ओठ, औषध तेच. भाऊजी सकाळ-संध्याकाळ बोटांना चोळू लागले. भेगा भरल्या, रेशीम सरळ चालू लागले, आणि माश्या बुडेनाशा झाल्या. घंगाळात टाकली की बुचासारखी वर. त्यांनी पिसे कमी केली, अंग बारीक केले, सोडून पुन्हा बांधले. तशीच वर. आगबोट दोन दिवसांवर आली होती. दुपारी मी पडवीत आले तर ते रेशमाच्या रिळांवर डब्याचे झाकण लावत होते.

"हात गेला, वहिनी," ते म्हणाले. "आता दादाच्या बागेत आंबे राखायला ठेवा मला."

मी घंगाळ उजेडात ओढले. आमटीवर दिसते तशी तेलाची चकती प्रत्येक माशीभोवती फिरत होती.

"हात कुठे गेलाय? बोटे बघा तुमची. हे मुठेल आहे."

त्यांनी बोटे नाकाशी नेली. मग रिळांवरचे झाकण काढले. मी रिठे भिजत घातले, चोळून फेस काढला आणि सगळ्या माश्या त्यात धुतल्या. सासूबाई दारातून बघत होत्या. माश्यांना न्हाऊमाखू घालणारी सून आमच्याच नशिबी, आता उटणेही लाव म्हणाल्या. स्वच्छ पाण्यात पहिली माशी टाकली. क्षणभर थांबली आणि पिसे मागे टाकत सरळ तळाला गेली. भाऊजींनी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून ती वर काढली आणि पुन्हा सोडली. पुन्हा काढली, पुन्हा सोडली. शेवटी मीच घंगाळ उचलले, कारण पुडके बांधायचे होते.

माल वेळेवर गेला. त्यानंतर मुठेल फक्त रात्री आणि सकाळी रिठ्याने हात, असा नियम मी घालून दिला. तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. काम दुसऱ्याकडे कधी गेले नाही.

दिवस झाल्यावर मी घर आवरले. कपडे वाटले, औषधाच्या बाटल्या परत केल्या, चिमट्याला तेलपाणी करून तो गुंडाळून ठेवला. गेल्या आठवड्यात दुकानाचे कार्ड आले: माल पसंत आहे, पुढच्या बोटीने तसाच पाठवावा. भाऊजी गेल्याची बातमी दुकानात कळलेली नाही. कळवायचे म्हणजे यापुढे काम दुसऱ्याला द्या, असे माझ्या हाताने लिहायचे. पोस्टकार्ड आणून ठेवले आहे, वर पत्ताही घातला आहे. आजच्या टपालात टाकायचे ठरवले होते. टपाल मघाशीच गेले, कार्डाची दुसरी बाजू अजून कोरीच आहे.